देवघराशेजारचा कॉम्प्युटर

आमच्या कोपरखैरण्याच्या रो-हाउसच्या वरच्या खोलीत माणसाला नीट पाय पसरून बसायला जागा नाही, हे मी कबूल करते. तिथे माझे जुने कॉम्प्युटर राहतात. पाहुणे आले की आमचे हे जिन्यापाशी उभे राहून सांगतात, "वर जाऊ नका हां, वर बायकोचं भंगार आहे." एवढा संसार झाला, नातवंडं झाली, तरी या माणसाला भंगार आणि जुनं यातला फरक कळत नाही म्हणजे कमालच झाली. भंगार म्हणजे ज्याचं कुणालाच काही पडलेलं नाही ते. मला माझ्या एकेका मशीनचं इतकं पडलेलं असतं की पावसाळाभर त्यांच्या कपाटात झिरोचा बल्ब जळत ठेवते. नाहीतर खाडीच्या दमट हवेत फ्लॉप्यांना बुरशी धरते, आणि बुरशीची एक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली की पुढच्या दहांना खाते.

हा नाद मला नोकरीतून लागला. लग्नाआधीपासून मी तुर्भ्याच्या एका कंपनीत डेटा एंट्री करायचे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, एसीची थंडी आणि आम्ही रांगेत बसलेल्या बायका. पुढे कंपनीने ती सगळी मशीनं काढून टाकली, तेव्हा मी माझ्या टेबलावरचं मशीन मागून घेतलं. रिक्षावाला म्हणाला, "टीव्ही बिगडला काय ताई?" मी म्हटलं, "हो, बाबा, चल." तेव्हापासून सुरुवात झाली ती आजपर्यंत. तळोज्याच्या गोदामांतून, बंद पडलेल्या क्लासांतून, कुणाच्या माळ्यावरून मी मशीनं आणत गेले. पिवळी पडलेली खोकी उजळवायला मी ब्यूटी पार्लरचं केस ब्लीच करायचं क्रीम फासते, वरून प्लास्टिक गुंडाळते आणि गच्चीत उन्हात ठेवते. शेजारीण विचारते, "आज कुणाचं फेशियल?" हसू देत. हौसेला मोल नसतं.

या हौसेत एकच नियम मी देवाच्या वचनासारखा पाळते. आलेलं मशीन आल्या आल्या चालू करायचं नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनच्या पोटात काय झालंय ते बाहेरून कळत नाही. बॅटरी पाझरलेली असते, कपॅसिटर फुगलेले असतात. उतावळेपणाने बटण दाबलं की एक फट्‌ असा आवाज येतो, धूर निघतो आणि मग रडायचं. आधी उघडायचं, बघायचं, साफ करायचं, आणि मग वीज. मी हे इतक्यांदा बोलले आहे की आमचे हे झोपेतही म्हणून दाखवतील.

आता वन्संचं सांगते. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, राहणार बोनकोडे, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी साताऱ्याकडची, हे आगरी, आमचं लग्न आमचं आम्हीच ठरवलेलं. सासरी कुणी माझ्याशी धड बोलेना. तेव्हा या वन्सं एक दिवस ताटात तांदळाची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसल्या. मी आयुष्यात सुकी मासळी नाकाजवळ नेली नव्हती. त्या म्हणाल्या, "खा. खाल्लीस त आमची, नाय खाल्लीस त पाव्हनी." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्लं. त्या दिवसापासून मी त्यांची 'वयनी' झाले, आणि त्यांच्या शब्दापुढे घरात कुणाचं चाललं नाही.

त्यांचा थोरला मुलगा माझा लाडका भाचा. "मामी, मामी" करत मागे मागे असायचा. टायपिंग त्याला मीच शिकवलं, आमच्या जेवायच्या टेबलावर. पुढे कंपनीत अकाउंट्सला लागला आणि स्वतःच्या कमाईतून त्याने कॉम्प्युटर घेतला. आळीतला पहिलाच तो. स्पीकर, माइक, सीडीचा ड्राइव्ह, सगळं होतं. संध्याकाळी तो त्यावर लोकांच्या लग्नपत्रिका आणि हळदीची निमंत्रणं करून द्यायचा. आणि एक गंमत त्याने करून ठेवली होती. चालू होताना कॉम्प्युटर जी कंपनीची ठरलेली धून वाजवतो ना, ती काढून त्याने तिथे आपला आवाज घातला. बटण दाबलं, थोडं थांबलं की स्पीकरमधून यायचं, "आये गो, आलो मी!" वन्सं ओट्यापाशी असायच्या. त्या तिथूनच ओरडायच्या, "आलास त हात धू!" सगळी आळी हसायची. तो कामावरून येऊन आधी बटण दाबायचा आणि मग चपला काढायचा.

मोटरसायकलवरून कामाला निघालेला असताना ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकने त्याला उडवलं. लग्नाचं बघायला सुरुवात केली होती. त्यावर मी जास्त लिहीत नाही, मला जमत नाही.

तेरावं झाल्यावर त्याच्या धाकट्या भावाने काही कागद शोधायला म्हणून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. बिचाऱ्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. कॉम्प्युटर बोलला, "आये गो, आलो मी!" वन्सं ओट्यापासून धावत आल्या आणि रिकामी खुर्ची बघून दारातच खाली बसल्या. त्या दिवशी जो प्लग काढला तो काढलाच. कॉम्प्युटर उचलून देवघराच्या शेजारी ठेवला, वर हाताने विणलेला रुमाल घातला. त्यालाही पंचवीसेक वर्षं होऊन गेली.

गेल्या दिवाळीनंतर वन्सं माझ्याकडे आल्या. जिना चढून थेट वरच्या खोलीत आल्या, म्हणजे काम माझ्याकडे होतं. एका खोक्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वयनी, माजा एक कान गेला. दुसरा पन चाललाय. डाक्टर बोलतो कानात मशीन घाल. घातला. पन त्यात सगला भांड्यावानी वाजतंय."

मी म्हटलं, "सवय होईल हो हळूहळू."

"सवय मरूंदे. कान हाय तवर मना त्याचा आवाज आयकाचा हाय. एकदा. मंग बहिरी झाली तरी चालंल."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं का नाही म्हणालात? मी तर इथेच होते."

त्यांनी माझ्या सोल्डरिंगच्या स्टँडला एक बोट लावून बघितलं. मग म्हणाल्या, "भ्या वाटायचा. चालू केला आनि बोललाच नाय तर? बंद हाय तवर आत हाय असा तरी वाटतो."

मला त्यांना एकदम मिठी मारावीशी वाटली, आणि मी मारली. पण आश्वासन काही दिलं नाही. पंचवीस वर्षं बंद राहिलेली हार्ड डिस्क फिरेलच असं सांगणारा एकतर खोटारडा असतो नाहीतर नवशिका.

कॉम्प्युटर रिक्षातून आला. डबा वन्संच्या मांडीवर, मॉनिटर माझ्या मांडीवर, आणि आमचे हे पुढे ड्रायव्हरला चिकटून, स्पीकर पोटाशी धरून. वरच्या खोलीत टेबलावर ठेवून मी स्क्रू काढले, झाकण उचललं आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

आत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. तांदळाच्या अक्षता होत्या. उदबत्तीची राख होती. फ्लॉपीच्या फटीतून आत ओघळलेलं हळदकुंकू मुख्य बोर्डावर जाऊन घट्ट बसलं होतं, आणि पाणी जिथे जिथे पोचलं तिथे तिथे गंज आणि हिरवा बुरा.

"अहो वन्सं, ही पूजा आहे का फोडणी?"

"दसऱ्याला हत्यारं पुजतात ना? त्याचा पोट होता त्याच्यावर," त्या म्हणाल्या. "मी दर वर्साला पुजलाय."

"आणि पाणी?"

"फुलानंच शिंपलाय. थोडाच."

दर दसऱ्याला थोडाच! माझं डोकंच सटकलं. मी कपाळावर हात मारून घेतला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, देवालाही दोन शब्द सुनावले. दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर मी त्या माणसाला जिन्यावरून खाली घालवलं असतं. वन्सं मात्र शांतपणे म्हणाल्या, "धाकट्यानं दोनदा भंगारवाल्याला बोलावला. मी बोल्ली, पुजलेली वस्तू इकत नसतात. मंग गेला भंगारवाला." त्या पूजेने मशीन सडवलं होतं हे खरं, आणि त्या पूजेमुळेच ते आज माझ्या टेबलावर होतं हेही खरं.

मी शहाणपणाने वागायचं ठरवलं. आवाज जर कुठे असेल तर हार्ड डिस्कवर. मग सगळं मशीन जिवंत करायचा खटाटोप कशाला? डिस्क तेवढी सोडवली, पुसली आणि माझ्या दुसऱ्या एका चालू मशीनला जोडली. आधी नुसती खर्र खर्र. मी हात जोडून उभी. मग ती बाई फिरायला लागली. काही बघायच्या आत मी अख्ख्या डिस्कची नक्कल उतरवून घेतली, आणि मग आवाजांच्या फोल्डरमध्ये शोधलं. ढीगभर फाइली होत्या. चालू होतानाचा आवाज कुठला हे मशीनच सांगतं, तेवढीच फाइल मी उघडली.

"आये गो, आलो मी!"

मी खोलीत एकटी होते. खुर्चीवर बसून मी हमसून हमसून रडले. तो आवाज मला 'मामी' म्हणणारा होता. किती तरुण होता तो! इतकी वर्षं माझ्या मनात तो माझ्याबरोबर वयाने वाढत गेला होता, आणि आवाज तिथेच राहिला होता, हसू दाबत बोलणारा.

फाइल फोनमध्ये घातली आणि तशीच चपला अडकवून बोनकोड्याला धावले. वन्सं वाल सोलत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, सापडला! ऐका." फोन त्यांच्या चांगल्या कानाला लावला, आवाज होता तेवढा मोठा केला, आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा करून बघितला, पुन्हा कानाला लावला. मग माझ्या हातात परत दिला.

"ह्यो माजा नाय."

"अहो, असं काय करता? तोच आहे. मी ओळखते ना."

"बारीक आवाजाचा कोनतरी पोर हाय. माजा असा बोलत नव्हता." आणि वाल सोलायला लागल्या. सोललेले वाल मात्र सालांतच टाकत होत्या.

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. इतकी मेहनत केली, डिस्क वाचवली, आणि ही बाई म्हणते माझा नाही! घरी येऊन मी यांच्यापुढे तोंड सोडलं. यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, पण तो फोनमधून कुठे यायचा? तो त्या डब्यातून यायचा. पंख्याची घरघर, मग टीक, मग तो. डब्यातून काढ."

आता हे मला या माणसाने सांगावं? ज्याला वरची खोली भंगार वाटते त्याने? मीच उठल्यासुटल्या सगळ्यांना ऐकवत असते की जुनं मशीन फोटोत बघायचं नसतं, त्याची नक्कल करून कपाटात ठेवली म्हणजे ते जपलं असं होत नाही, ते चालवायला लागतं. आणि घरचंच काम आल्यावर मी फाइल काढून मोकळी झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! फोनचा एवढासा स्पीकर, आणि वन्संचा तो अर्धा राहिलेला कान. त्यांना त्या खोक्याच्या, त्या स्पीकरच्या घोगऱ्या आवाजात तो माहीत होता. तसाच तो यायला हवा होता, नाहीतर त्यांच्यापुरता तो आलाच नव्हता.

मग सुरू झालं खरं काम. वन्संना मी सांगितलं की आता अख्खं मशीनच उभं करते, पण जमेलच असं नाही. त्या रोज दुपारी यायला लागल्या. मी टेबलापाशी, त्या दाराजवळ पाटावर, पुढ्यात सुपात जवळा निवडत. माझ्या त्या खोलीत, जिथे मी दमट हवेलासुद्धा शिरू देत नाही, तिथे सुक्या जवळ्याचा वास! मी बोलले एकदा. त्या म्हणाल्या, "तुज्या मशीनला वास येत नाय, तुलाच येतो."

बोर्ड बाहेर काढून मी बेसिनमध्ये नेला आणि साबणाच्या पाण्याने दात घासायच्या ब्रशने घासायला घेतला. आम्ही करतो असं. वीज नसताना पाण्याने बोर्डाचं काही बिघडत नाही, पुढे स्पिरिटने पुसून कडकडीत वाळवला म्हणजे झालं. पण वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी दोन थेंब शिंपलं त बोंबललीस. आनि आता नळाखाली धरलास?"

"माझं पाणी वेगळं आहे, वन्सं."

"हां. तुजा गंगेचा." आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या, की खालून यांनी विचारलं काय झालं. किती दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघितलं.

पाझरलेली बॅटरी काढली. बोर्डावरच्या तांब्याच्या दोन रेषा बुऱ्याने खाल्ल्या होत्या, त्यांवरून बारीक तार ओढली. पॉवर सप्लायमधले फुगलेले कपॅसिटर बदलले. स्पीकरची जोडी होती, त्यातला एक उंदरांनी कुरतडून संपवला होता. दुसऱ्याच्या पडद्याला भोक होतं, ते मी पातळ कागद आणि गोंद लावून बुजवलं. हे म्हणाले, "नवीन स्पीकर आणून देऊ का चांगले?" मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. डब्याच्या पुढच्या पिवळ्या पट्टीवर कुंकवाचा डाग पडला होता. एरवी मी पार्लरचं क्रीम लावून तासाभरात घालवला असता. या डब्याला मी हात लावला नाही. पूजा करणारीला तिची खूण दिसायला हवी.

काम करताना त्या मला त्याच्याबद्दल सांगायच्या, आणि मी त्यांना. त्याला वालाची भाजी आवडायची नाही, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे तो मुकाट्याने दोन वाट्या खायचा. "तुजा मान ठेवाचा," वन्सं म्हणाल्या, "मना मात्र तोंडावर बोलायचा, आये, पुन्ना वाल?" इतकी वर्षं आम्ही दोघी त्याचा विषय काढायचं टाळत होतो. एकीला वाटायचं दुसरीला त्रास होईल.

जोडणी माझ्याकडे करून बघावी असा माझा विचार होता. पण वन्संनी मोडता घातला. पहिल्यांदा चालू होईल तर त्याच्या घरात, नाहीतर नको. म्हणजे आधी नीट चालवून बघायची माझी रीत धाब्यावर बसवणं आलंच. मी बोर्डाला वीज देऊन बघितली, पंखा फिरला, एवढ्यावर थांबले. पुढे जे होईल ते बोनकोड्यात.

बोनकोड्यात त्या दिवशी शेजारच्या घरी लग्नाचा मांडव घातला होता. आगरी लग्न म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. बेंजोवाले सकाळपासून सुरू, भिंती हादरतायत, मला माझंच बोलणं ऐकू येईना, तिथे वन्संच्या अर्ध्या कानाचं काय! मी कॉम्प्युटर जुन्या टेबलावर मांडला, वायरी जोडल्या आणि यांच्याकडे बघितलं. हे मांडवात गेले. काय सांगितलं देव जाणे, पण एकेक वाद्य गळत गळत बेंजो थांबला. खिडकीतून बघितलं तर नवरदेवाचा बाप हाताने सगळ्यांना खाली बसवत होता. आळीतल्या जुन्या माणसांना तो आवाज अजून आठवत होता.

वन्संनी ठेवणीतली साडी नेसली होती. स्पीकरच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन, चांगला कान तिकडे करून बसल्या. कानातलं मशीन त्यांनी काढून कनवटीला लावलं होतं. मी म्हटलं, "वन्सं, आज नाही बोलला तरी त्याचा आवाज माझ्याकडे जपलेला आहे हां. तो कुठे जात नाही."

"दाब गो."

मी दाबलं. पंख्याची घरघर सुरू झाली. पडद्यावर आकडे धावले. टीक. डिस्क खरखरली, थांबली, आणि तेवढ्यात माझा जीव वर गेला आणि खाली आला. पुन्हा खरखरली. पडदा निळा झाला. स्पीकरमध्ये जुनाट घरघर उठली, आणि मग तो आला. घोगरा, जाडसर, कागद चिकटवलेल्या स्पीकरमधून किंचित फाटलेला.

"आये गो, आलो मी!"

"आलास?" वन्सं उभ्या राहिल्या. "आलास रं मेल्या?" आणि टेबलावर जोरात थाप मारली, लेकराच्या पाठीत मारावी तशी.

मग त्या खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहू दिलं. पुसलंही नाही. म्हणाल्या, "परत." मी रीसेटचं बटण दाबलं. पुन्हा घरघर, टीक, आणि पुन्हा तो आला. "हात धू," त्या म्हणाल्या. "परत." किती वेळा दाबलं ते मी मोजलं नाही. दर वेळी तो येत होता आणि दर वेळी त्यांच्याकडे त्याला सांगायला काहीतरी होतं. भाकरी गरम हाय. उशीर केलास. मामी आलीय बघ. शेवटी शेवटी त्या नुसत्या स्पीकरवर तळवा ठेवून बसल्या. बाहेर मांडव अजून गप्प होता.

"बस, वयनी," त्या म्हणाल्या. "लोकांचं लगीन थांबलाय आपल्यापायी."

मी रीसेट करून करून त्या म्हाताऱ्या डिस्कचे पुरेसे हाल केले होते. म्हटलं, निदान बंद तरी रीतसर करावं. माउस धरला, मेनूत गेले, बंद करायची सूचना दिली. पडदा गेला. आणि स्पीकर बोलला.

"येतो गो, आये."

मला माहीत नव्हतं. त्या सगळ्या फोल्डरमधून मी एकच फाइल उघडली होती, बाकीच्या ऐकल्याच नव्हत्या. तो रात्री काम आटपून बंद करायचा तेव्हा वन्सं झोपलेल्या असायच्या, त्यांनाही हा आवाज कधी ऐकू गेला नव्हता. दारात उभ्या असलेल्या यांनी चौकट धरली. मी वन्संकडे बघायलाच घाबरले.

वन्सं दचकल्या नाहीत. घरातून कुणी बाहेर पडताना आपण सहज म्हणतो तशा म्हणाल्या, "ये रं बाला. सांबालून ये."

काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटली होती. त्यांनी विचारलं, "काय लिवलाय?"

"आता बंद केलं तरी चालेल, असं लिहिलंय," मी म्हटलं. "परत चालू करू का, वन्सं? परत ऐकायचं?"

"नको." त्यांनी स्पीकरवरचा हात काढून घेतला. "त्या दिवशी मी नळावर होती गो. तो मागल्या दारानं तसाच निंगला, मना न बोलता. आज बोलून गेला. कर आता बंद."